कोड ऑरेंजमधली गुढी

मी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा बोलतोय. फोरबर्ग या डच गावातल्या गौरव-स्वप्नालीच्या घरात माझ्याइतकं लांब आणि सरळ दुसरं काहीच नाही. म्हणून वर्षभर बाथरूमच्या कोपऱ्यात राहणाऱ्या मला पाडव्याच्या सकाळी आंघोळ घालतात, हळदकुंकू लावतात आणि गुढी म्हणतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. माणसांच्या मानपानाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, ते त्यामुळेच.

यंदा पाडव्याला बर्फ पडला. नुसता पडला नाही, वाऱ्याबरोबर आडवा आला. रेल्वे बंद, म्हणून गौरव झुइडासच्या ऑफिसला न जाता घरूनच काम करत होता.

"हवामान खात्याचा कोड ऑरेंज इशारा आहे, स्वप्नाली. लोक कुंड्यासुद्धा आत घेतायत."

"कुंड्यांना पाडवा नसतो. आई व्हिडिओ कॉलवर बघणार आहेत."

तिने मला रेशमी खण नेसवला, कडुलिंबाऐवजी कढीपत्ता बांधला, डोक्यावर तांब्या पालथा घातला आणि लेकीच्या बुटाच्या नाडीने बाल्कनीच्या कठड्याला आवळलं. पुण्याहून सासूबाईंनी विचारलं, "मागे कापूस कसला उडतोय गं?"

"बर्फ आहे, आई."

"पाडव्याला?" त्यांनी अशा सुरात विचारलं, जणू तो सुनेनेच मागवला होता.

तेवढ्यात नाडी तुटली. वसंताच्या स्वागताला उभा केलेला मी दोन मजले खाली, थेट झुडपात.

पैठणीवर गौरवचं जाकीट चढवून स्वप्नाली धावत आली. तांब्या सापडला, मी सापडलो, आणि सायकलींच्या शेडमागे फान डाइक सापडले. तळमजल्यावर एकटेच राहतात. फोडणीच्या वासाची तक्रार घेऊन आले होते, तेवढीच काय ती ओळख. सायकल बांधायला निघाले आणि घसरले. गुडघा दुखावला होता, ओठ निळे पडले होते. हाका मारून दमले, पण त्या वाऱ्यात ऐकणार कोण?

स्वप्नालीने मला त्यांच्या हातात दिलं, दुसरीकडून स्वतः खांदा दिला. ते उठले. माझ्यावरचा ओला कढीपत्ता बघून म्हणाले, "हे कशासाठी?"

"वसंताचं स्वागत," ती मोडक्या डचमध्ये म्हणाली.

त्यांनी सभोवारच्या बर्फाकडे पाहिलं. "मग त्याला कळलेलं दिसत नाही."

सासूबाईंना मात्र काळजी लागली. गुढी पडली, म्हणजे अपशकुन. सकाळपासून कुरकुरणारा गौरवच म्हणाला, "पडली नाही, आई. खाली एकांना गरज होती."

फान डाइकना डॉक्टरांनी कुबडी दिली. ती त्यांनी कपाटात ठेवली. स्वप्नाली मला परत न्यायला श्रीखंड घेऊन गेली, तेव्हा माझ्या टोकाला नवं रबरी बूच बसवलेलं होतं. श्रीखंड ठेवून ती रिकाम्या हाताने वर गेली.

आता फान डाइकांच्या हातात मी रोज कालव्यापर्यंत फिरायला जातो. वर बादलीत नवा दांडा आला आहे, म्हणे. स्वप्नालीबाई, एकच विनंती: पुढच्या पाडव्याला त्याला वारा बघून उभा करा. माझ्या नशिबाने खाली झुडूप होतं. त्या नव्या दांड्याच्या खाली गौरवरावांनी नुकतीच घेतलेली गाडी असेल.