हँडल चार बोटं पुढे

हाइलच्या उत्तरेला गव्हाची शेतं संपून नफूदच्या वाळवंटाची वाळू सुरू होते, त्या कडेला अबू राकानची शेती होती. तिथले पंप आणि इंजिनं सतरा वर्षं इब्राहीमच्या हातात होती. इब्राहीम जयगडच्या खाडीवरचा, बापाच्या होडीत वाढलेला, उर्दू शाळेत सातवीपर्यंत गेलेला आणि आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस. त्याच्या थोरल्या मुलीचा, नूरैनचा, निकाह बकरी ईदनंतरच्या दुसऱ्या रविवारी ठरला होता. त्या निकाहला बापानं हजर असावं, एवढी एकच गोष्ट त्याला २००९ सालात हवी होती. पासपोर्ट कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कपाटात, आणि कफील म्हणजे अबू राकान. सुट्टीच्या कागदावर त्याची सही झाली की खलास, विमानात बसायचं.

पण अबू राकानला त्या वर्षी वेड लागलं होतं. त्यालाही कारण होतं. सरकारनं गव्हाची खरेदी दरवर्षी थोडी थोडी कमी करायचं ठरवलं, अर्धे पंप बंद पडले, आणि सव्वाशे किलोचा हा शेतकरी दिवसभर गालिचावर पडून राहू लागला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. अबू राकान लेबनॉनच्या डोंगरात गेला, तिथं त्यानं बर्फावर पळणारी गाडी पाहिली आणि तसलीच एक थेट कॅनडाहून मागवली. पुढे दोन पाट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मोटरसायकलसारखं हँडल. बंदरावरच्या कारकुनाला ती कुठल्या रकान्यात घालावी कळेना, म्हणून त्यानं ती शेतीच्या अवजारांत घातली. हाइलात बर्फ नाही, हे शेखाला सांगायची कुणाची छाती झाली नाही. त्यानं स्वतःच सांगून टाकलं की बर्फ पांढरा असतो आणि वाळू तांबडी, बाकी निसरडेपणा तोच.

शेतीमागे वाळूचा एक डोंगर होता, दहा मजली इमारतीएवढा. त्याच्यावर अबू राकानचा मेव्हणा पिकअप घेऊन चढला होता आणि हे तो दर शुक्रवारी जेवणानंतर सांगायचा. म्हणून अट ठरली: बर्फगाडी डोंगरावर चढली की इब्राहीमच्या कागदावर सही. मुलीच्या लग्नाचं ऐकून अबू राकानला खरंच आनंद झाला होता. त्यानं तिला भरघोस दुआ दिल्या आणि म्हणाला, आधी डोंगर.

पहिल्या दिवशी गाडी तीस पावलं चढली आणि उकळली. इब्राहीमनं पोट उघडून पाहिलं तेव्हा त्याला हसावं की रडावं कळेना. ह्या गाडीचं इंजिन थंड होतं ते पट्ट्यानं वर उडवलेल्या बर्फानं. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घासतो त्यांना वंगणही बर्फाचंच. म्हणजे बर्फ नसला तर ही गाडी तापलेल्या तव्यावर बसवल्यासारखी. त्यानं हे कफिलाला समजावलं, आणि तिथं त्याची चूक झाली, कारण दुसऱ्या दिवशी गावातून बर्फाच्या लाद्यांनी भरलेला ट्रक आला. शेतीवरचा ड्रायव्हर नसरुद्दीन, हा श्रीवर्धनचा, आणि चार बंगाली मजूर दुपारभर लाद्या फोडून डोंगराच्या अंगावर पसरत होते. वाळू तो बर्फ पिऊन बसली. तासाभरात तिथं चिखल झाला आणि गाडी कमरेपर्यंत रुतली. नसरुद्दीननं उरलेल्या एका लादीवर सरबताच्या बाटल्या गार केल्या, तेवढाच त्या ट्रकचा उपयोग.

मग इब्राहीमनं आपल्या पद्धतीनं काम केलं. भंगारातल्या पिकअपचा रेडिएटर काढून गाडीच्या नाकावर बसवला. मागे पाण्याचा डबा बांधून, त्यातून घासणाऱ्या पट्ट्यांवर नळीनं धार सोडली. उकळणं थांबलं. आता गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जायची आणि तिथं मागचा पट्टा खड्डा खणायला लागायचा, पुढच्या पाट्या आभाळाकडे उठायच्या आणि अबू राकान मागे कलंडायचा. असं चौदा वेळा झालं. चौदाव्या वेळी तो गडगडत पायथ्याशी आला, अंगातला लांब थोब झटकला आणि विचारलं की इंजिन अजून मोठं नाही का बसवता येणार.

इंजिनाचा दोष नव्हता. गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं. इंग्रजी इब्राहीमला वाचता येत नव्हतं, पण चित्रांना भाषा लागत नाही. डोंगरावरच्या प्रत्येक चित्रात स्वार उभा होता. गुडघे पावलांच्या वर, छाती हँडलवर, आणि आडव्या उतारावर तर एसटीच्या फुटबोर्डावर लोंबकळावं तसा वरच्या बाजूच्या एकाच पायावर. बसलेला एकही नाही. बापाच्या होडीत सगळे उतारू मागच्या टोकाला बसले की पुढचं टोक पाण्याबाहेर यायचं आणि होडी वळायची नाही, हे इब्राहीम चौथीत असताना शिकला होता. इथं तर मागच्या टोकाला सव्वाशे किलो. शिवाय अबू राकाननं सीटला पाठ टेकायला लोड बांधून घेतला होता, डावं कोपर टेकायला दुसरा, आणि लोडामागे कहव्याची किटली ठेवायला कडी. सगळं ओझं मागे. अख्खी मजलिस मागे घेऊन डोंगर चढायचा म्हणजे गाडी उताणी पडणारच.

इब्राहीमनं हँडलचा दांडा कापला, चार बोटं पुढे घेतला, वीतभर उंच केला आणि जोडला. आता उभ्या माणसाच्या हातात ते बरोबर येत होतं. अबू राकान येऊन बसला. त्याचे दोन्ही हात वर गेले आणि तो झाडावरचा आंबा काढणाऱ्या माणसासारखा दिसू लागला. बंगाली मजूर पाठ फिरवून उभे राहिले. शेखाच्या ते लक्षात आलं आणि हँडल त्याच दिवशी पुन्हा मागे आलं. इब्राहीमनं आठवडाभर समजावलं आणि परत पुढे घेतलं, परत मागे आलं. तिसऱ्यांदा जोड मारताना दांड्यावर वेल्डिंगच्या गाठीच गाठी झाल्या होत्या, आणि ईदला अठरा दिवस उरले होते. रात्री इब्राहीमला नूरैन दिसायची, ती सुद्धा हँडल धरून.

शेवटी त्यानं हात जोडून विचारलं की शेखसाहेब, उभं राहायला हरकत काय आहे. अबू राकान रागावला नाही. लहान मुलाला सांगावं तसं त्यानं सांगितलं, "पुरुष दोनदाच उठून उभा राहतो, इब्राहीम. पाहुणा आला तर, नाहीतर घरातला वडीलधारा आला तर. यंत्रासाठी नाही."

इब्राहीम रात्रभर त्यावर विचार करत बसला नाही, तेवढ्यापुरती त्याची बुद्धी तल्लख होती. त्यानं लगेच नसरुद्दीनला गाठलं. अबू राकानचे थोरले चुलते शेख नहार, वय नव्वदीपार, पलीकडच्या वाडीत राहायचे आणि त्यांच्यासमोर अबू राकान बसत नसे. ते दारात दिसले की हा सव्वाशे किलोचा माणूस स्प्रिंगसारखा उठायचा, आणि ते खाली बसेपर्यंत उभा राहायचा. नसरुद्दीननं म्हाताऱ्याला पुतण्याचं शौर्य बघायला चला म्हणून पटवलं.

पुढच्या शुक्रवारी, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर, नसरुद्दीननं डोंगराच्या मागच्या सोप्या बाजूनं पिकअप नेली आणि शेख नहारना ऐन माथ्यावर काठी टेकवून उभं केलं. त्यांच्या पायाखाली गालिचा अंथरला होता, पण इब्राहीमनं बजावून ठेवलं होतं की म्हाताऱ्याला काहीही करून बसू द्यायचं नाही. मेव्हणाही पायथ्याशी हजर होता. हँडल चार बोटं पुढे होतं आणि अबू राकान त्यावरून इब्राहीमला बोल लावतच निघाला.

पाव डोंगर, अर्धा डोंगर. पट्ट्यानं खणायला सुरुवात केली, पाट्या उचलल्या. तेवढ्यात अबू राकाननं मान वर केली आणि त्याला आभाळाला टेकलेले काका दिसले.

तो उठला. त्याच्या मनानं उठायचं ठरवलं असेल असं वाटत नाही, शरीरच उठलं. सव्वाशे किलो मागून मधे आले, छाती हँडलवर आली, पाट्या खाली बसल्या, पट्टा वाळूला धरून सरळ ओढू लागला. लोड एक इकडे, एक तिकडे उडाले, किटली घरंगळत मेव्हण्याच्या पायाशी गेली, आणि अबू राकान ताठ उभा, मान अदबीनं किंचित झुकवलेली, तोंडानं मोठ्यांदा सलाम करत, माथ्यावर पोचला. उतरून त्यानं काकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. पायथ्याशी मेव्हणा सोडून सगळे ओरडत होते. इब्राहीम मागच्या बाजूनं धावत वर गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

कागद त्याच्या खिशातच होता. अबू राकाननं तो हातात घेतला, आणि मग त्याचा चेहरा पडला. तू गेलास आणि गाडी बिघडली तर, असं तो म्हणाला. मेव्हणा पुढच्या शुक्रवारी परत येणार, त्याच्यासमोर चढली नाही तर? तू ईदनंतर दोन महिन्यांनी जा.

इब्राहीमला पायाखालचा डोंगर सरकल्यासारखं झालं. आयुष्यात तो कफिलासमोर कधी इतकं बोलला नव्हता. "गाडीला आता माझी गरज नाही, शेख. सगळं जागच्या जागी बसलंय, दहा वर्षं हलणार नाही. ती माझ्यामुळे चढली नाही, ह्यांच्यामुळे चढली. ह्यांना वर उभं करा, ती रोज चढेल. मी इथं असलो काय, नसलो काय."

शेख नहार म्हणाले की हा माणूस खरं बोलतो. अबू राकाननं काकांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, बराच वेळ दाढी चोळली आणि मान डोलावली. कारण पटलं की तो लगेच तसं वागायचा, हा त्याचा मोठा गुण होता. गाडीच्या सीटवर कागद ठेवून त्यानं सही केली.

सोमवारी नसरुद्दीन शिक्के मारून पासपोर्ट घेऊन आला. त्यानं शिक्क्याचं पान उघडून पासपोर्ट पुढे केला. जाऊन परत यायचा शिक्का इब्राहीमनं सतरा वर्षांत पाच वेळा पाहिला होता. हा तो नव्हता. हा कायमचं जायचा होता.

तो तसाच अबू राकानकडे गेला. चूक झाली असेल असं त्याला वाटत होतं, कारकुनाची, नसरुद्दीनची, कुणाचीही. अबू राकान उठून उभा राहिला, यंत्रासाठी किंवा नोकरासाठी न उठणारा माणूस, आणि त्यानं इब्राहीमला मिठी मारली. चूक कसली, तो म्हणाला, सुट्टीच्या जागी कायमचं जायचं त्यानंच लिहून दिलं होतं. पंप तर तो ह्या वर्षी विकूनच टाकणार होता, गव्हाचं आता काही खरं नाही. त्याला गेले सहा महिने घोर होता की पंप विकल्यावर इब्राहीमला पाठवायचं कसं, कारण गाडीसाठी तर हा माणूस लागणारच असं त्याला वाटत होतं. "पण तूच सगळ्यांसमोर सांगितलंस, नसलास तरी चालेल. अल्ला तुला बरकत देवो. माझ्या जिवावरचं ओझं उतरवलंस." नूरैनसाठी त्यानं अत्तराची पेटी दिली आणि विमानतळावर स्वतः सोडायला येतो म्हणाला.

इब्राहीमला त्याच्यावर रागावायचं होतं. जमलं नाही. समोरचा माणूस इतका मनापासून खूश होता की राग ठेवायला जागाच नव्हती. स्वतःचा राग मात्र आला, आणि त्याच्याच पाठोपाठ निकाहच्या रविवारी आपण मांडवात असणार हा आनंदही आला, आणि दोन्ही घेऊनच तो शेडमधल्या बाकावर जाऊन बसला.

मग त्यानं घरी फोन लावला. बायकोनं, सफूरानं, पहिल्या घंटेला उचलला. मिळाली, येतोय, एवढंच तो बोलला. पलीकडे तिनं हे घरभर ओरडून सांगितलं, कुणीतरी रडलं, ती बहुतेक नूरैन असावी, भांडी पडल्याचा आवाज आला. सफूरा धापा टाकत परत फोनवर आली.

"किती दिसांची हाय सुट्टी?"

इब्राहीमनं सतरा वर्षं ह्या प्रश्नाला आकडा सांगितला होता. कधी साठ, कधी पंचेचाळीस, एकदा आई गेली तेव्हा बारा. आणि दर वेळी तो ऐकून तिचा आवाज जरा खाली यायचा, तेही त्याला ठाऊक होतं.

"ह्या खेपंला मोजू नको," तो म्हणाला.

मग तिनं हळूच विचारलं, बरं हाय ना सगळं. त्यानं बरं आहे म्हणून सांगितलं, आणि ते खरं आहे की नाही हे त्याला त्या घटकेला खरोखरच माहीत नव्हतं.