बाबांच्या हातावरचा नंबर

त्या दिवशी बाबा पेट्रोल पंपावर सापडले. पंपावरच्या माणसांनी त्यांना खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं आणि पत्ता विचारला होता. बाबांनी तो घडाघडा सांगितलाही होता, फक्त तो त्यांच्या लग्नाआधीच्या खोलीचा होता. ती इमारत पाडून तिथे बँक उभी राहिली त्यालाही जमाना झाला. ठकी स्कूटरवरून गल्ल्या पालथ्या घालत होती, म्हणून तिला ते दिसले. नाहीतर? हा नाहीतर तिला नंतर कित्येक दिवस छळत राहिला.

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाबांनी लहानपणी लाडानं ठेवलेलं, ते चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. नवऱ्याशी फारकत घेऊन ती बाबांकडे परत आली होती आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून कपडे दुरुस्तीची कामं करत होती. कुणाची पॅंट आखूड कर, कुणाची चेन बदल, कुणी जाडी झाली म्हणून शिवणी उसव. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं आणि तिच्या तोंडात टाचण्या आल्या, की बाबा मागच्या दारानं पसार. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर ते दार बडवायचे. "मला कोंडलंय हो!" अशा हाका मारायचे. शेजारीपाजारी गोळा व्हायचे. शेवटी तिनं कुलूप काढून टाकलं.

खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवली, ती त्यांनी फाडली. गळ्यात बिल्ला अडकवला, तो उशीच्या खोळीत सापडला. मनगटाचा पट्टा तर त्यांनी तिच्याच कात्रीनं कापून काढला आणि कात्री नीट जागेवर ठेवून दिली.

मग एकदा एक कॉलेजची मुलगी बाह्या आत घ्यायला आली. तिच्या हातावर टॅटू होता, एका कुत्र्याचं नाव. माप घेता घेता ठकीची टेप तिथंच थांबली. हे काही कापून काढता येणार नाही, तिच्या मनात आलं.

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, तर तो उसळला. "गुरांच्या कानाला बिल्ले मारतात तसं? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मग तू ये आणि बस त्यांच्यापाशी."

धाकटा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. त्यानं फोन ठेवून दिला.

चपलांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की टॅटूवालीची खोली लागायची. दातांच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची, प्रखर दिवा आणि जंतुनाशकाचा वास. टॅटूवाली तिशीतली, केस बारीक कापलेले, नाकावर घसरणारा चष्मा. तिनं ठकीचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि बाबांकडे वळली.

"आजोबा, इथे कशाला आलात, माहितीये?"

"दाढ ठणकतेय," बाबा म्हणाले.

टॅटूवालीनं दिवा बंद केला. "आज नाही," ती ठकीला म्हणाली. "ज्या दिवशी ते स्वतःच्या तोंडानं हो म्हणतील, त्या दिवशी घेऊन या. वेळ वगैरे घेऊ नका. सरळ या."

असे दिवस अजून यायचे, अधूनमधून. एका सकाळी ठकी मशीनवर बसली असताना बाबा तिच्यामागे येऊन उभे राहिले. "माझं डोकं हल्ली जागेवर नसतं ना गं?" त्यांनी विचारलं. साधं, पाऊस पडेल का विचारावं तसं.

ठकीनं सगळं सांगितलं. पेट्रोल पंप, चिठ्ठ्या, कात्री, टॅटू. ऐकून बाबा बराच वेळ आपला हात न्याहाळत राहिले. मग त्यांच्या मिशीत हसू आलं. "म्हणजे माझ्यावरच पाटी लावायची म्हणतेस."

बाबांचा धंदाच तो. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घातला होता. त्यामुळे त्याच सकाळी तो जिना चढून गेल्यावर टॅटूवालीनं कॉम्प्युटरवरचे आकडे दाखवले, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. "हे कसले आकडे? हा सहा उपाशी आहे, आणि नऊ जेवून बसलाय. कागद आण." ठकीचा फोन नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं इंग्रजी आकड्यांत लिहिला, सुटा, ठसठशीत, लांबून वाचता येईल असा. आठचा आकडा त्यांनी दोन गोल एकावर एक ठेवून काढला आणि मान तिरपी करून त्याच्याकडे पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले.

"आजोबा, मी हे तुमच्या हातावर सुईनं गोंदणार आहे. दुखेल. पुसता येणार नाही. करू ना?"

"अगं, कर. ही पोरगी माझ्यापायी वेडी होईल नाहीतर."

टॅटूवालीनं रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखर, सगळं विचारून घेतलं. सुई चालू असताना बाबांनी डोळे मिटून घेतले होते. काम झाल्यावर हातावर पातळ प्लास्टिक गुंडाळत टॅटूवाली ठकीला म्हणाली, "म्हातारी कातडी आहे, कागदासारखी. जपावं लागेल. कोमट पाणी, साधा साबण, चोळायचं नाही. स्वच्छ कपड्यानं टिपायचं. मलम अगदी पातळ लावा, लोणी फासल्यासारखं नको. ऊन नको. मग खपल्या धरतील, खाज सुटेल. खाजवू द्यायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. खपली ओढली तर रंगही निघून येतो."

घरी येईपर्यंत बाबा विसरले होते.

संध्याकाळी प्लास्टिक काढून ठकी हात धुवायला लागली आणि बाबांनी तो सुजलेला, लालबुंद हात पाहिला. त्यांची पाचावर धारण बसली. "हे कुणी केलं? कुणी धरलं होतं मला?"

"बाबा, तुम्हीच सांगितलंत."

"मी? मी कशाला सांगेन?" ते हात पोटाशी धरून कोपऱ्यात सरकले.

ठकीनं तो कागद पुढे केला. "हे अक्षर कुणाचं?"

बाबांनी कागद पाहिला, हात पाहिला. श्वास जरा संथ झाला. "माझं आहे," ते म्हणाले. "आठ माझाच आहे." आणि मग त्यांनी हात पुढे केला.

हे रोज व्हायचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रोज नव्यानं त्यांना ती जखम सापडायची, रोज नव्यानं ते घाबरायचे. ठकी कागद दाखवायची. पाणी कोमट आहे का ते आधी स्वतःच्या मनगटावर पाहायची, बोटाच्या पेरानं साबण लावायची, जुन्या मलमलीच्या तुकड्यानं टिपायची. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं तोंडानं काहीबाही बोलत राहायची. कधीकधी बाबा म्हणायचे, "फार हलका हात आहे हो बाई तुमचा." तेव्हा ती मान खाली घालून मलम लावत राहायची.

खपल्या धरल्या आणि खाज सुटली. खाज आली की वरून हलकं थोपटायचं, असं टॅटूवालीनं शिकवलं होतं. ठकी थोपटून थोपटून थकायची. तिनं बाबांची नखं कापली, मऊ कापडाचे हातमोजे शिवले, बाहीला मनगटाशी नाडी लावली. पण चोवीस तास कोण पहारा देणार? एका पहाटे तिला जाग आली, तर चादरीवर रक्ताचे डाग. बाबांनी दातांनी नाडी सोडली होती आणि खपल्या सोलून काढल्या होत्या.

त्याच दिवशी तिनं कागद पुढे केला तेव्हा बाबांनी तो घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "कुणाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

हात पिकला. ताप चढला. डॉक्टरांनी ठकीला फैलावर घेतलं, "ह्या वयात हे असले उद्योग?" आणि गोळ्या लिहून दिल्या. ताप उतरला, जखम हळूहळू भरली. बाकीचे आकडे स्वच्छ उमटले होते. फक्त आठ बिघडला होता. त्याची डावी बाजू खपलीबरोबर उडाली आणि तिथे गुलाबी, चकचकीत व्रण राहिला. तीन म्हणावा तर तीन, आठ म्हणावा तर आठ.

कातडी पुरती बरी झाल्यावर तेवढा आकडा पुन्हा भरून घ्यायला ठकी त्यांना घेऊन गेली. ह्या वेळी धाकटाही सुट्टी काढून आला होता. जिना चढतानाच बाबा रडायला लागले. खुर्ची दिसताच त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि सोडेनात.

"मी धरतो त्यांना," धाकटा म्हणाला. "पाच मिनिटांचं तर काम आहे. एकच आकडा."

टॅटूवालीनं हातातली सुई खाली ठेवली. "आज ते हो म्हणत नाहीयेत."

"मागे म्हणाले होते ना?" ठकी म्हणाली.

"मागे म्हणाले होते," टॅटूवाली म्हणाली, आणि हातमोजे काढायला लागली.

धाकट्यानं दुसरं दुकान शोधून काढलं. तिथला माणूस म्हणाला, "घट्ट धरून बसा, मी उरकतो." धाकट्यानं बाबांचे खांदे दाबले. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ठकीकडे पाहिलं आणि हळूच, चोरासारखं म्हणाले, "बाई, मला सोडवा. माझी मुलगी वाट बघत असेल."

ठकीनं धाकट्याचे हात काढले. "चला, घरी जाऊ," ती बाबांना म्हणाली.

थंडी पडली तेव्हा एका संध्याकाळी ते पुन्हा हरवले. गिऱ्हाईकसुद्धा नव्हतं. ठकी दूध तापवत होती, तेवढ्यात मागचं दार उघडं. चप्पल जागेवर, स्वेटर खुंटीवर, बाबा गायब. ह्या वेळी पंपावरही नव्हते. पोलिसात कळवलं, शेजारी टॉर्च घेऊन फिरले. ठकी रात्रभर स्कूटरवरून फिरत राहिली. सकाळी उजाडल्यावर तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हॅलो," पलीकडून एका बाईचा दमलेला आवाज आला. वयस्कर असावी. "तुमच्या घरातलं कुणी हरवलंय का हो? म्हातारं माणूस?"

"बाबा," ठकी म्हणाली.

"सापडलात एकदाच्या तुम्ही! ऐका. मला पहाटे एका वॉचमनचा फोन आला. म्हणाला, एक आजोबा बसलेत, हातावर हा नंबर आहे. मी म्हटलं, रॉंग नंबर, आणि ठेवून दिला. पण झोप लागेना. परत त्याला फोन केला. तो म्हणाला, एक आकडा धड कळत नाही, तीन वाटला म्हणून तीन लावला. मग मी शून्यापासून एकेक आकडा लावत बसले. लोकांच्या शिव्या खाल्ल्या सकाळी सकाळी. तुमचा आठ निघाला."

"कुठे आहेत ते?"

"गोदामांच्या तिथे, ट्रक उभे राहतात ना, तिकडे. वॉचमननं घोंगडी दिलीये. पण लवकर जा, बाई. बोलत नाहीयेत म्हणे."

बाबा लाकडी खोक्यांच्या आडोशाला बसले होते. पाय अनवाणी, ओठ निळे. ठकीनं त्यांना कुशीत घेतलं तेव्हा त्यांच्या अंगात ऊब अशी नव्हतीच. रात्रभर ते तिथे, खोक्यांच्या पलीकडे होते. वॉचमनला पहाटेच्या फेरीत खोकला ऐकू आला, तेव्हा कुठे कळलं.

हॉस्पिटलमध्ये न्यूमोनिया निघाला. नळ्या लागल्या. धाकटा रातोरात निघून आला. कॉरिडॉरच्या बाकावर बसून दोघं काचेतून आत बघत होती. धाकटा म्हणाला, "त्या दिवशी धरून बसवलं असतं, तर वॉचमनचा फोन तुलाच आला असता."

"हो," ठकी म्हणाली.

"दोन-अडीच तास वाचले असते."

"हो."

थोड्या वेळानं धाकटा उठला आणि जिन्यात जाऊन रडला. ठकीला तो आवाज ऐकू येत होता. ती उठली नाही. उठून काय सांगणार? त्याचं खोटं नव्हतं. पण चौकटीला चिकटलेली ती बोटंही खोटी नव्हती.

ती बाई रोज संध्याकाळी फोन करून विचारपूस करायची. नाव तिनं सांगितलं नव्हतं, ठकीनंही विचारलं नव्हतं. "आज कसं?" ती विचारायची. "तसंच," ठकी सांगायची. एकदा "जरा डोळे उघडले," असंही सांगितलं होतं. बाबांनी खरंच डोळे उघडले होते, छताकडे पाहिलं होतं आणि मिटले होते.

ते सकाळी गेले. नर्सनं नळ्या काढल्या, चादर सरळ केली. धाकटा कागदपत्रांच्या मागे गेला. फोन वाजला तेव्हा ठकी कॉरिडॉरमध्ये एकटी होती.

"आज जरा लवकर केला," बाई म्हणाली. "सारखं मनात येत होतं. कसे आहेत?"

"गेले. मघाशीच."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. बाईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मी पहिल्यांदाच फोन ठेवला नसता तर," ती म्हणाली.

"नका असं म्हणू," ठकी घाईनं म्हणाली. "तुम्ही नसतात तर ते तिथेच गेले असते. माणसांत गेले. मी हात धरला होता."

बाई रडत असावी. मग नाक ओढून म्हणाली, "पोटात काही आहे का तुमच्या?"

"नाही."

"काहीतरी खाऊन घ्या. पुढे दिवसभर कुणी विचारणार नाही."

"बरं," ठकी म्हणाली.

ती खाली कॅंटीनमध्ये गेली. चहा आणि दोन बिस्किटं घेतली, उभ्या उभ्याच खाल्ली. मग कप ठेवला आणि शववाहिकेची चौकशी करायला खिडकीपाशी गेली.