सुपात सापडलेली

“फोटोतली मागची भिंत पांढरी हवी म्हटलं होतं. ही निळी आहे. आणि कानांनी काय गुन्हा केलाय गं? झाकलेस कशाला?”

तुमियातीनं फोटो परत सरकवला. समोरची मुलगी खजील होऊन हसली आणि उठली. दारातून वळून म्हणाली, “बु तुमी, उद्या आणते. नक्की.”

“उद्या कानांसकट ये.”

जावातल्या सालातिगा शहरात, विद्यापीठासमोर पाक हर्जुनोंचं, म्हणजे हर्जुनोसाहेबांचं, भाषांतराचं ऑफिस आहे. शपथ घेतलेले भाषांतरकार तेच, सही-शिक्काही त्यांचा. पण गेली सव्वीस वर्षं कागद तपासते ती तुमियाती, पोरांची ‘बु तुमी’, म्हणजे तुमीबाई. परदेशी शिकायला निघालेलं पोर आधी तिच्या टेबलावरून जातं आणि मग विमानात बसतं. जन्मदाखला, कुटुंबपत्रिका, शाळेची प्रमाणपत्रं, पोलिसांचा दाखला. कुठल्या वकिलातीला पिन मारलेली खपत नाही आणि कुणाला झेरॉक्सवर गावप्रमुखाचा शिक्का लागतो, हे तिला पाठ. स्वतः बाई जावा सोडून कधी बाहेर गेली नाही. विमानतळही तिनं बाहेरूनच पाहिलेला, तोसुद्धा दुसऱ्यांच्या मुलांना पोहोचवायला गेली तेव्हा.

तर त्या दिवशी पालुपी आली. पालुपी ही तिच्या धाकट्या बहिणीची, वार्तिनीची मुलगी. जपानच्या एका विद्यापीठानं तिला भूकंपाच्या अभ्यासासाठी बोलावलं होतं आणि सगळे कागद दोन महिन्यांत पोहोचायला हवे होते. नाही पोहोचले, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती.

“बुडे, ही घे माझी फाइल,” पालुपी खुर्ची ओढत म्हणाली. मोठ्या मावशीला ती बुडेच म्हणायची. “सगळं ओळीनं लावलंय. बोट ठेवायला जागा नाही तुला.”

“जागा मी काढते.”

तिला ती काढावी लागली नाही. सगळ्यात वर जन्मदाखलाच होता. ‘पालुपी किनासिह, तुमियाती या स्त्रीची मुलगी.’ वडिलांचं नाव नाहीच.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात लपवाछपवी काही नव्हती. वार्तिनीचं पहिलं मूल चाळीस दिवसांत गेलं. दुसरी ही पालुपी, आणि जन्मली ती जावाच्या पंचांगातल्या नेमक्या शनिवार-वगेला, आईच्याच जन्मवाराला. मायलेकींचा वार एकच आला की एकीला दुसरी सोसत नाही. म्हणून म्हाताऱ्या आजीनं, या दोघी बहिणींच्या आईनं, ठरवलं, पोर टाकायची. नाळ पडली त्या सकाळी तिला सुपात घालून अंगणाच्या कडेला, केरकचऱ्याच्या खड्ड्याजवळ ठेवली, आणि तुमियातीनं झाडू हातात घेऊन जाता जाता ती ‘सापडवली’. सापडलेलं पोर सापडवणारीचं. मग दूध सुटलं की कोंबडी आणि भात घेऊन ते परत आईला द्यायचं, अशी रीत.

इथपर्यंत सगळं ठीक झालं. पण आजोबा जन्माची नोंद करायला गेले, तेव्हा कारकुनानं विचारलं, आईचं नाव? म्हातारा खरा श्रद्धाळू. खरं नाव सांगितलं तर केलेला विधी फुकट जाईल, म्हणून तो बेधडक म्हणाला, तुमियाती. नवऱ्याचं नाव? लग्न नाही झालं. कारकुनानं तसं लिहून टाकलं.

पुढे तुमियातीला एक स्थळ आलं होतं. बिजवर मास्तर, माणूस बरा होता. त्याच्या बहिणीनं कुठून तरी हा दाखला पाहिला आणि स्थळ आलं तसं गेलं. आजोबा हादरले, म्हणाले, आता तरी नाव बदलून आणतो. तुमियाती म्हणाली, “राहू द्या, बापा. पोरीला अजून दात आले नाहीत.” दात आले. शाळा झाली. पोर परत द्यायच्या आधीच आजी वारली आणि ते देणं राहिलं ते राहिलंच. आणि खरं सांगायचं तर तुमियातीला ते राहिलेलं आवडत होतं. जगात एका कागदावर ती कुणाची तरी आई होती.

“काय गं, काय सापडलं?” पालुपीनं विचारलं.

“तुझ्या बापानं हमीपत्र दिलंय. या कागदावर तो तुझा कुणीच लागत नाही. कुटुंबपत्रिकेत आई वार्तिनी, इथं मी. जपानचा माणूस हे दोन कागद शेजारी ठेवेल आणि तिसरा कागद उघडायच्या आत फाइल बंद करेल.”

पालुपी क्षणभर गोंधळली, मग तिचा चेहरा उजळला. “मग सोप्पंय की! कुटुंबपत्रिका बाजूला ठेव. हमीपत्र तू दे. कागदोपत्री आई तूच आहेस. पाच मिनिटांचं काम, बुडे!”

कोरं हमीपत्र टेबलावरच होतं. तुमियातीनं पेन उचललं. ‘मी, खाली सही करणारी, विद्यार्थिनीची आई’ असं वर छापलेलंच होतं. खोटं काय होतं त्यात? सरकारी दाखला होता. हातात पेन धरून ती बराच वेळ बसली. मग टोपण लावलं.

“कोर्टात जावं लागेल,” ती म्हणाली. “दाखला दुरुस्त करून घेऊ.”

“दोन महिन्यांत होईल?”

“धावलो तर होईल. चल, तुझ्या आईकडे.”

वार्तिनी मागच्या पडवीत नारळ खवत होती. ऐकून तिचा हातच थांबला. “नको गं म्बाक,” ती मोठ्या बहिणीला म्हणाली. “तुझ्या नावाच्या आडोशानं जगली ती. आता समुद्र ओलांडून जायची, तिथं रोज जमीन हलते, आणि नेमकं आत्ता माझं नाव लावायचं? काही झालं म्हणजे?”

“काही झालं म्हणजेच तर!” तुमियातीचा आवाज चढला. “तिथं आजारी पडली तर दवाखानावाले कुणाला बोलावतील? तू धावत निघालीस तर विचारतील, तुम्ही कोण?”

“आई म्हणून सांगीन.”

“कागद दाखवा म्हणतील. मग?”

वार्तिनी खोबऱ्याच्या ताटात बघत रडायला लागली. तुमियाती तिच्याशेजारी फरशीवर बसली. खरं तर तिलाही रडायचं होतं, पण दोघींनी एकदम रडून कसं चालेल?

“आईनं तुला पोर परत द्यायची होती, ते राहून गेलं,” ती म्हणाली. “आता मी देते.”

कोर्टाची तारीख पाच आठवड्यांनी लागली. न्यायाधीश सुमात्रातल्या मेदानकडचे, बाताक जमातीचे. आवाज असा की बाहेरच्या बाकावर बसलेलेही सावरून बसावेत. जावातल्या रीतीभाती त्यांच्या गावीही नव्हत्या. समोर तुमियाती, मागच्या बाकावर पालुपी, वार्तिनी आणि तिचा नवरा रुस्मान्तो.

“तुम्ही या मुलीच्या आई आहात?”

तेवीस वर्षांत हे तिला कुणी सरळ विचारलं नव्हतं. “नाही,” ती म्हणाली, पण आवाज ओठांबाहेर पडला नाही.

“मोठ्यानं सांगा, बाई. लिहून घ्यायचंय.”

“नाही, साहेब. मी तिची आई नाही.”

कारकुनानं ते लिहून घेतलं.

“मग दाखल्यावर तुमचं नाव कसं?”

तिनं सांगितलं. न्यायाधीशांच्या भुवया वर गेल्या. “म्हणजे पोर उकिरड्यावर टाकून दिली?”

“टाकली नाही, साहेब. ठेवली. नव्या कोऱ्या सुपात, केळीच्या पानावर.”

“आणि तुम्ही उचलली.”

“झाडत झाडत आले आणि म्हटलं, अगं बाई, हे कुणाचं सोनं पडलंय इथं? कुणाचं नसेल तर मी घेते.”

“आणि कुणीच काही बोललं नाही?”

“बोलायचं नसतं ना. सगळे खांबामागं उभे होते. ही माझी बहीण सगळ्यात पुढे, तोंड दाबून.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “बरं, मग परत कधी दिली?”

“अजून नाही, साहेब. आज देतेय.”

मागं वार्तिनीनं हुंदका दिला. न्यायाधीशांनी तिला गप्प केलं नाही. मग त्यांनी दाखला दुरुस्त करायचा निकाल दिला, आणि निघताना बाहेर पालुपीनं तुमियातीचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. वाटेत दोघींनी कालव्याजवळच्या टपरीवर गरम आल्याचं पाणी प्यायलं.

नवा दाखला दोन आठवड्यांनी हातात आला. जपानची मुदत चार दिवसांवर होती, तेव्हा भाषांतर त्याच दुपारी टाइप करून छापलं. पाक हर्जुनोंचा एक नियम आहे. कागदावर शिक्का मारण्याआधी दोघांनी समोरासमोर बसायचं. मूळ कागद त्यांच्या हातात, भाषांतर तिच्या हातात. ते रकाना वाचणार, ती उत्तर देणार. घाई कितीही असो, यात सूट नाही.

“नाव?”

“पालुपी किनासिह.”

“जन्मवार?”

“शनिवार.”

“वडील?”

“रुस्मान्तो.”

“आई?” म्हणून हर्जुनो थांबले. चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाले, “हवं तर हे मी एकटा वाचतो, तुमी.”

“वार्तिनी,” ती म्हणाली. दर नावापुढे करते तशी तिनं त्याही नावापुढे पेन्सिलीनं बारीकशी खूण केली.

“पुढचं वाचा, पाक. पोस्ट चारला बंद होतं.”