बिनसुईचं पांघरूण

दिवाळीपासून कौशल्याबाईंनी सुई हातात धरली नव्हती. उंद्रीच्या पलीकडच्या त्या लहान गावात घरोघर ही गोष्ट ठाऊक होती, कारण त्यांच्यासारखा टाका आसपास कुणालाच जमत नव्हता. गावातली निम्मी पोरंसोरं त्यांनी शिवलेल्या गोधडीतच वाढली होती.

त्यांच्या सुनेला, रुख्मिणीला, दोन लेकरं झाली आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. दोन्ही वेळा कौशल्याबाईंनी हौसेनं आधीच गोधडी शिवून ठेवली होती. कुणी त्यांना दोष दिला नाही. त्यांनीच स्वतःला बोल लावून घेतला. तिसऱ्या खेपेला सुनेला सहावा महिना लागला तेव्हा, दिवाळीत, विठ्ठलाच्या देवळात कीर्तन आटोपून आरती फिरत असताना त्या हात जोडून म्हणाल्या, "पांडुरंगा, बारसं होईपावतर ह्या लेकराच्या अंगाले सुई लागलेलं काई लागू देनार नाई. माह्या हातचं नाई, कोनाच्याच हातचं नाई."

त्या दिवसापासून घरातलं शिवणच थांबलं. कौशल्याबाईंच्या मालकांच्या, उत्तमरावांच्या, बंडीसाठी आणलेलं मऊ, उबदार फलालीन तसंच घडी घालून पडून राहिलं.

पौषात, दिवस भरायच्या चांगलं महिनाभर आधी, मुलगी झाली. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती आणि गावात सरकारी नर्स आशाबाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी लेकराचे तळपाय हातात धरले आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाय गार पडलेत, आजी. हिच्या अंगावर काय घालता?"

"माह्यं जुनं लुगडं. दोन घड्या करून."

लेकरू जरा पाय झाडायचं की लुगड्याची एक घडी इकडे सरके, एक तिकडे. घोंगडी त्या कोवळ्या कातडीला टोचत होती.

"दुपदरी पाहिजे, मऊ पाहिजे आणि एकमेकाला जोडलेलं पाहिजे," आशाबाई म्हणाल्या. "घरात गोधड्या असतीलच की!"

"हायेत. पन सुईच्या हायेत."

आशाबाईंना काही उमगेना. अर्जुनरावानं, कौशल्याबाईंच्या मुलानं, सगळं सांगितलं आणि शेवटी त्याचा आवाज चढला. "आई, देवाले गोधडी दिसते अन् लेकराचे गार पाय दिसत नाईत काय?"

"दिसतात ना बापू. मले बी दिसतात." कौशल्याबाई एवढंच बोलल्या.

"मी परवा येते," आशाबाई निघताना म्हणाल्या. "तोवर पाय गरम झाले नाहीत, तर हिला बुलढाण्याला न्यावं लागेल. ह्या थंडीत एसटीचा प्रवास हिला झेपेल का, ते मी सांगू शकत नाही."

खाटेवर रुख्मिणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. लेकराला पाजायची आणि पाजून झालं की बाजूला ठेवून पुन्हा भिंतीकडे वळायची. चार दिवसांत तिनं पोरीला एकदाही लाडानं हाक मारली नव्हती.

गावात सप्ताह सुरू होता. दुपारच्या कीर्तनाला डोणगावचे महादेवबुवा उभे राहायचे. घरात लेकराच्या जन्माचं सोयर असल्यानं कौशल्याबाईंना देवळात पाऊल टाकता येत नव्हतं, पण टाळ वाजले की त्यांचा जीव घरात थांबत नसे. आशाबाई येऊन गेल्या त्या दुपारी त्या देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली जाऊन बसल्या.

बुवा रंगात आले होते. "माय लेकराले पांघरून घालते तवा आपल्या अंगावरचं काढून घालते बाबा! तिले काय कोनी सांगा लागते?" म्हणत ते नाचू लागले. वारा बोचरा होता. त्यांनी उपरण्यावर शाल घेतलेली, आणि प्रत्येक गिरकीला कधी शाल घसरे, कधी उपरणं. मागचा टाळकरी उचलून देई, पुन्हा घसरे. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बुवांनाही हसू आलं. त्यांनी टाळ बगलेत धरले, शालीच्या दशा आणि उपरण्याच्या दशा चिमटीत घेऊन चार-पाच गाठी मारल्या, आणि "हं, आता नाच म्हना मले!" म्हणत अशी गिरकी घेतली की मृदंगवाला बाजूला सरकला.

दोन्ही वस्त्रं जागची हलली नाहीत.

कौशल्याबाई उठल्या. गजर व्हायचा होता, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कीर्तन अर्धं सोडलं.

घरी येऊन त्यांनी फलालीन काढलं, उकळत्या पाण्यातून काढून वाळत घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे दोन सारखे चौकोन केले. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी ऊन यायचं, तिथं एकावर एक अंथरून त्या कातर घेऊन बसल्या. शेजारची सोजराबाई डोकावली.

"काय व कौशल्याबाई, कातर चालते अन् सुई चालत नाई?"

"म्या सुईचाच सबूद देल्ला. कातरीचं नाव बी नाई घेतलं."

"देवाले बी वकिलाची गाठ पडली म्हना!"

"बोलू नको, कापड धर."

कौशल्याबाईंनी आधी चारी कोपरे चौकोनी कापून काढले. मग चारी बाजूंनी, दोन्ही पदर मिळून, बोटभर रुंद आणि चार बोटं खोल अशा चिरा दिल्या. जाड शालीला दशा असतात तशा कापडाला झाल्या. वरची दशी आणि तिच्या खालची दशी, एक गाठ, तिच्यावर दुसरी. करकचून. टाका घट्ट घालायची हाताला सवय. एक बाजू बांधून झाली आणि पाहतात तर कड भाजलेल्या पापडासारखी वर वळलेली.

"नाव झाली नाव!" सोजराबाई हसून लोळायची बाकी. "हिच्यात बसून पैनगंगेच्या पार जाता येते!"

कौशल्याबाई हसल्या नाहीत. ताणून बसलेल्या गाठी नखांनी सुटेनात. डोळ्यात पाणी येऊन दिसेनासं झालं.

"इकडे द्या."

रुख्मिणी उठून बसली होती. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा ती आपणहून बोलली. तिनं कापड मांडीवर घेतलं आणि एकेक गाठ अंगठ्यानं चोळून, ढिली करून सोडवू लागली.

"लई ओढता तुमी, आत्याबाई. भाजीची जुडी बांधतो तशी बांधा लागते. सुटली नाई पायजे अन् चेंगरली बी नाई पायजे."

सोजराबाई हळूच उठून गेली. सासू-सुना समोरासमोर बसून दोन बाजूंनी बांधत राहिल्या.

"आत्याबाई," रुख्मिणी मान वर न करता म्हणाली, "पहिल्याले कावीळ झाली होती. दुसऱ्याले ताप आला होता. तुमच्या सुईनं काई झालं नाई."

कौशल्याबाईंचा हात थांबला.

"तुमी सुई सोडली, तवा मले वाटलं, आत्याबाईलेच भरवसा नाई. मंग म्या कायचा भरवसा ठेवू? म्हनून हिच्याकडे पाहतच नोयती."

"माही चुकी झाली व माय," कौशल्याबाई कशाबशा म्हणाल्या. "म्या माह्याच भेवाले नेम म्हटलं."

"नेम चालू द्या. देवाले देल्लेला सबूद हाये. फक्त भेव सोडा."

ऊन उंबऱ्यावरून उतरलं तेव्हा शेवटची गाठ बसली. पांघरूण सपाट पडलं. गाठींची बाजू बाहेर करून रुख्मिणीनं पोरीला त्यात गुंडाळलं, आपल्या छातीशी धरलं, आणि भिंतीकडे वळली नाही.

उत्तमराव मळ्यातून आले. दारातून पाहून म्हणाले, "माही बंडी नेली म्हना नातीनं!"

"तुमाले पुढच्या साली," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मी काय म्हनतो, तिलेच शोभते ते."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आशाबाई आल्या. पांघरुणात हात घालून त्यांनी दोन्ही तळपाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. अर्जुनराव दाराशी उभा होता.

"गरम आहेत," त्या म्हणाल्या. "आणि दूध ओढते का?"

"ओढते म्हनजे!" रुख्मिणी म्हणाली. "दमच नाई धरत सटवी."

बाराव्या दिवशी बारसं झालं. पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या, बाया पांघरुणाच्या गाठी उलटसुलट करून पाहून गेल्या. घर रिकामं झाल्यावर रुख्मिणी सासूजवळ येऊन बसली.

"आत्याबाई, एक झबलं शिवून द्याल?"

कौशल्याबाईंनी पोरीच्या खांद्यापासून पायापर्यंत वितीनं माप घ्यायला हात पुढे केला.

"असं मोजू नका," रुख्मिणीनं त्यांचा हात धरला. "मोठंच शिवा. पुढच्या हिवाळ्यात बी आलं पायजे तिले."