रेती बदलली, मी तोच राहिलो

मी एक जुना तक्ता आहे आणि मित्रांनो, मला तुमचा भयंकर राग आला आहे. तुमचा म्हणजे समस्त माणसांचा. आज कोणाचीही भीडभाड ठेवणार नाही.

शर्यतीचे घोडे तयार करणारे आमचे साहेब. त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मला बनवले. तीन वर्षांच्या शर्यतींचे निकाल घेऊन ती बसली आणि प्रत्येक अंतराला जिंकणाऱ्या घोड्याला साधारण किती वेळ लागतो, ते तिने काढले. बाराशे मीटर, एक मिनिट तेरा सेकंद. ही झाली प्रमाण वेळ. तेवढ्या वेळात पोहोचणाऱ्या घोड्याला शंभर गुण. सेकंदाचे पाच ठोके धरायचे. एक ठोका लवकर आला तर एक गुण जास्त, उशिरा आला तर एक कमी. झाले!

मला तबेल्याच्या ऑफिसात टांगले. शेजारच्या तबेल्यांतले लोक येऊन, माना तिरक्या करून मला वहीत उतरवून घ्यायचे. माझी छाती फुगायची. पुठ्ठ्याची असली म्हणून काय झाले?

मग अक्का नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. हिवाळ्यात धावपट्टीवरची जुनी रेती काढून नवी, जाड रेती टाकली. घोड्यांचे पाय रुतू लागले. माझ्यावर मात्र कोणी साधी पेन्सिलसुद्धा फिरवली नाही.

आमच्याकडे भिंगरी नावाची घोडी होती. नेहमी शंभर, एकशे एक. नव्या रेतीवर तिला बाराशे मीटरला एक मिनिट चौदा सेकंद आणि वर एक ठोका लागला. म्हणजे सहा ठोके उशीर. चौऱ्याण्णव!

“संपली ही,” साहेब म्हणाले.

तिला शिंगरू असल्यापासून सांभाळणारे मोतद्दार काका उसळले. “साहेब, त्या दिवशी सगळीच घोडी धापा टाकत होती. हिला एकटीला कशाला बोल लावता?”

“तक्ता खोटं बोलतो का, काका?”

“तक्त्याला पळायचं नसतं, साहेब. भिंतीवर लटकून त्याचं काय जातंय!”

मला झोंबले. पण मित्रांनो, तोंड असते तर मीच ओरडलो असतो, की अहो शहाणे, मी जुन्या रेतीचा आहे!

घोडी विकायला काढली. एक चष्मेवाले गृहस्थ आले. त्यांनी भिंगरीकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा पाहिले. “छान तक्ता आहे हो. कधी काढू नका,” असे म्हणून गालातल्या गालात हसले आणि तिला गाडीत चढवून घेऊन गेले.

त्याच दुपारी अक्का आली.

“भिंगरी कुठंय रे?”

“विकली. चौऱ्याण्णववर घसरली होती.”

“कोणत्या तक्त्यावर? ह्या? अरे, रेती बदलली ना? मग हा अजून इथे का लोंबकळतोय?”

भिंगरी धावली त्या दिवसाचे निकाल तिने मागवले. सात शर्यती, आणि जिंकलेले घोडेसुद्धा माझ्या प्रमाण वेळेपेक्षा सरासरी सात ठोके मागे.

“धावपट्टीच सात ठोके मंद होती, गाढवा! चौऱ्याण्णव आणि सात किती?”

“एकशे एक,” साहेब पुटपुटले. चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी लगेच फोन लावून घोडी परत मागितली.

“आता कसली परत?” चष्मेवाले हसले. “तुमच्या तक्त्याला माझा नमस्कार सांगा.”

साहेब तडक मला फाडायला आले. अक्काने त्यांचे मनगट धरले. “त्याला काय फाडतोस? तो नुसता पुठ्ठा आहे. डोळे तुला होते.”

मोतद्दार काकांनी भिंगरीचे अंग घासायचा खरारा पिशवीत टाकला. “येतो साहेब. त्या चष्मेवाल्यांनाही मोतद्दार लागेलच की. तिला दुसऱ्याच्या हातचं खायची सवय नाही.” आणि ते गेले.

अक्काने मला उलटे करून माझ्या पाठीवर नवा तक्ता लिहायला घेतला. आता माझे तोंड भिंतीकडे आहे. माझी धूळ झटका, मला जपा, अशी विनवणी मी मुळीच करणार नाही. पण कोणाला ‘मंद’ म्हणण्याआधी, त्या दिवशी बाकीचे कसे धावले ते तरी विचारा. तेवढेही जमत नसेल, तर दुसऱ्यांची मापे काढू नका आणि चुकल्यावर आमच्यावर हात उगारू नका. आम्हाला उलट मारता येत नाही, म्हणून वाचलात!