डाव्या हाताचे ठोके

कोऱ्या पांढऱ्या लेबलाची तबकडी फिरताना किंचित लंबगोल वाटत होती. मधलं भोक केसभर सरकलेलं असावं. दर फेऱ्याला सुईचा दांडा जरासा आत जाई, पुन्हा बाहेर येई. लाईलच्या स्वयंपाकघरात बसून रोंडा ते बघत होती. बाहेर डुलुथ शहरावर बर्फ पडत होतं.

नव्या अल्बमची पहिली तबकडी कारखान्यातून आली की तिघांनी एकत्र ऐकायची, आणि एक बाजू संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही, हा बँडचा जुना नियम. लाईल गायचा, पॉला बास वाजवायची, ड्रमवर रोंडा. मागच्या वेळी रोंडा घोरली होती, तेही बोलण्यातच धरलंय, असं लाईलने सुरुवातीलाच बजावलं होतं.

दुसऱ्या गाण्यात ती हादरली. ड्रमचा तो कोरडा आवाज तिचाच होता. पण रेकॉर्डिंगच्या वेळी उशिरा पडणारा तिचा डावा हात इथे एकदाही मागे पडत नव्हता.

दिवसा ती रुग्णालयात नोकरी करायची. गेल्या उन्हाळ्यात डावा हात थरथरू लागला, तेव्हा रक्त काढायचं काम सोडून तिने नोंदणीची खिडकी मागून घेतली. डॉक्टरांनी सांगितलेलं आजाराचं नाव तिने घरीसुद्धा उच्चारलं नव्हतं. बँडला अल्बम झाल्यावर सांगू, मग दौरा झाल्यावर सांगू, असं चाललं होतं.

बाजू संपेपर्यंत ती गप्प राहिली. सुई उचलल्यावर तिने विचारलं, माझे ठोके कोणी सरकवले?

लाईलने पॉलाकडे पाहिलं. मग कबूल केलं. दोघांनी मिळून संगणकावर एकेक ठोका उचलून जागेवर बसवला होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अगं, इतकी वर्षं तुझ्यापुढे उभा राहून गातोय. माझी पाठ काय बहिरी आहे?"

कप दोन्ही हातांनी धरायला लागलीस तेव्हाच कळलं, पॉला हळूच म्हणाली. तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो.

रोंडा त्यांच्यापासून लपवत होती, आणि ते तिच्यापासून. टेबलाखालचा हात तिने वर काढून ठेवला. तो थरथरत होता. तिने तो झाकला नाही.

"मी वाजवलं तसंच अल्बमवर येऊ दे. उशिराच्या ठोक्यांसकट."

"आणि दौरा?" लाईलने विचारलं.

"दुसरा ड्रमर बघा. मी येणार नाही."