गुरगुरणारा पत्रा

शहाद्याजवळच्या आमच्या गावात पत्रेश्वर महाराज आले, तेव्हापासून शाळेत हजेरी कमी आणि गावाबाहेरच्या त्यांच्या शेडमध्ये गर्दी जास्त. शेडमध्ये मूर्ती नव्हती. शेंदूर फासलेला, भिंतीएवढा पातळ पत्रा होता आणि त्यामागे कुलूपबंद खोली: देवीचा गाभारा! पापी माणूस उंबऱ्यावर आला की पत्रा गुरगुरायचा. मी शाळेचा कारकून, असल्या गोष्टींना हसणारा. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझीही दातखीळ बसली.

त्या रविवारी दुपारी वत्सलाबाई तापानं फणफणलेल्या नातवाला घेऊन आल्या. महाराजांनी वत्सलाबाईंची शेजारीण, विधवा रूपलीबाई, हिला बोलावणं धाडलं. तिनं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि पत्र्यानं डरकाळीच फोडली.

"देवी बोली ऱ्हायनी! हाई डाकीन शे!" गर्दी ओरडली.

"मन्हा काय गुन्हा शे?" रूपलीबाई रडत मागे सरली. वीस पावलं गेली, तरी पत्रा गुरगुरतच होता.

"बघा, हिची छाया हटत नाही," महाराज गरजले. "दिवस मावळायच्या आत हिला गावाबाहेर काढा. नाहीतर पोर गेलं म्हणून समजा!"

चारपाच जण तिच्याकडे धावले. तेवढ्यात आमच्या शाळेच्या विज्ञान शिक्षिका प्रिस्किलाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"महाराज, लख्ख उजेडात मागे जनरेटर कशाला?"

"माइकसाठी."

"माइक तर बंद आहे."

बाई तडक शेडमागे गेल्या, मीही गेलो. तिथे महाराजांचा पन्नाशीचा शिष्य दगा, डोळा गाभाऱ्याशेजारच्या भिंतीतल्या भोकाला लावून, हात जनरेटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या रेसवर ठेवून बसलेला. भोकातून थेट उंबरा दिसत होता.

"सरका, दगाभाऊ."

आपलं बिंग फुटतंय हे कळताच महाराज बाहेर पळाले. त्यांचा पाय उंबऱ्यावर पडला, बाईंनी रेस वाढवली आणि पत्रा कडाडला.

गर्दीतली जसोदाबाई म्हणाली, "हाऊ बी डाकीन शे का?"

हसून हसून लोकांची पोटं दुखली. दगा पुटपुटला, "मी फक्त रेस धरतो, बाई."

बाईंनी खोलीची खिडकी उघडायला लावली. इंजिन तसंच धडधडत होतं, पण गुरगुर विरली.

"पत्रा चौकटीत कोंबून जरा फुगवलाय, डब्याच्या झाकणासारखा," त्या सांगू लागल्या. "मागे कोंडलेली हवा, ढोलात असते तशी. इंजिनाची धडधड ठरावीक वेगाला आली की पत्रा आणि हवा एकमेकांना हिंदकळवतात. आवाज हळूहळू चढत नाही, एकदम उडी मारतो. आणि पत्रा एकदा जोरात हलू लागला की वेग थोडा उतरवला तरी थांबत नाही. म्हणून रूपलीबाई लांब गेल्या, दगाभाऊनं रेस कमी केली, तरी गुरगुर चालूच. खिडकी उघडली, कोंडलेली हवा सुटली, देवी संपली!"

पळत्या महाराजांना लोकांनी धरून ठेवलं आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस त्यांना घेऊन गेले. सरकारी दवाखान्यात नातवाचं रक्त तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

वत्सलाबाई माफी मागायला गेल्या. रूपलीबाईनं दोन दिवस दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, पण वत्सलाबाईंना आत घेतलं नाही. तिला दोष कसा द्यावा?

पत्रा बिचारा निसर्गाच्या नियमानं वागला. त्याला थरथरायला निदान इंजिन तरी लागलं. आम्हाला एका भोंदूची आरोळी पुरली. ताप आला तर रक्त तपासा. आवाज आला तर कारण शोधा. आणि कारण सापडेना, तर "माहीत नाही" म्हणा. त्यापायी कुणाचं घर उठवू नका.